आमच्यात रडत नाहीत

४ फेब्रुवारी १९३४, किन्हीराजा
आमची एस्तेर प्रभूकडे गेली. सहा वर्षांची होती. मातीच्या वेळी मी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. पाद्रीसाहेब सर्वांदेखत म्हणाले, मास्तरांचा विश्वास पक्का! तिची आई रूपा मात्र बोलत नाही, जेवत नाही. विश्वास कमी, दुसरं काय. उद्यापासून दोन वेळा प्रेअर. आठवड्यात ठीक करतो.

६ फेब्रुवारी
रूपाची बहीण मनकर्णाबाई मेडशीहून आली. ती माणसं ख्रिस्ती नाहीत; त्यांच्या रीतीने गल्लीपासूनच गळा काढला. दारातच थांबवलं. सांगितलं, आमच्यात रडत नाहीत. तिने विचारलं, मंग लेकरू मेल्यावर तुमी करता काय? गातो म्हटलं. पाणीही न पिता परत गेली. बरं झालं. रूपाला त्रास झाला असता.

८ फेब्रुवारी
शाळेत हजेरी घेताना एस्तेरचं नाव पुकारलं. पोरं एकमेकांकडे पाहत राहिली. डोळ्यांत पाणी आलं. सगळीकडे तूर काढून राह्यले, धूळ फार.

११ फेब्रुवारी, रविवार
घरी सांत्वनाची मीटिंग. माझं लेक्चर फर्स्टक्लास झालं. पहिल्याच गीताला रूपा उठून गेली. मीटिंगला जगदेवही होता. त्याची बायको पोळ्याच्या सुमारास वारली, तेव्हा त्यालाही मीच धीर दिला होता. तो म्हणाला, मास्तर, तिले रडू द्या. मले तुमी रडू देल्लं नाही, अजून घास गिळल्या जात नाही. कच्चा माणूस! त्याच्यासाठी वेगळी मीटिंग घ्यावी लागेल.

१२ फेब्रुवारी
रूपा घरात नाही. पायीच मेडशीला गेली म्हणतात. उद्या जाऊन आणतो. काय बोलायचं ते पाठ केलं आहे. मनकर्णाबाईलाही चार शब्द सुनावणार.

१३ फेब्रुवारी, मेडशी
गल्लीतच रूपाचा आवाज ऐकू आला. बहिणीच्या गळ्यात पडून रडत होती, माहे माय वं, माही एस्तेर वं! इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकला. तरी मी कडक चेहरा करून आत गेलो.

सोयऱ्यातला माणूस दारात आला की बाया नव्याने गळा काढतात. मला पाहून सगळ्यांनी काढला. दारातून परत पाठवलेल्या मनकर्णाबाईने सर्वांत आधी. माझ्यासाठी आजवर कोणी रडलं नव्हतं.

बोलायला तोंड उघडलं. पाठ केलेलं काहीच आठवेना. एस्तेर, एवढंच निघालं. मग असा काही ओरडून रडलो की बायाच गप्प झाल्या. रूपाने उठून मला धरलं.

माही पोरगी मेली हो.