दोन गाठींचं बोचकं

बा, हे तुझ्या हातात पडणार नाही, म्हणूनच मोकळेपणी सांगते. लिहिते आहे माझी नात, मी शेजारी लसूण सोलत बसले आहे. तिच्या मांडीवर सदान्‌कदा एक जाडजूड पुस्तक असतं. मजकूर असा कुलपात घालायचा की वाटेत कुणाच्याही हाती पडला तरी ज्याला पाठवला त्यालाच उघडावा, अशी ती विद्या. काँप्युटरवाले तिला क्रिप्टोग्राफी म्हणतात. नाव काही माझ्या तोंडात बसत नाही, पण विद्या ओळखीची निघाली.

तू मिठागरावरचा मुकादम, गावात वाचता येणारा एकटा. पोस्टमन सगळ्यांची पत्रं आपल्या ओटीवर टाकायचा आणि तू ती खणखणीत आवाजात वाचायचास. कुणाची सून रुसली, कुणाची म्हैस आटली, सगळ्या आळीला ठाऊक. मी एकदा तुझ्या पाटीवर बोट फिरवत होते, तर पाटी ओढून घेतलीस. "अक्षरं शिकून काय करशील गो? चोरून चिठ्ठ्या लिहिशील." चिठ्ठ्या नाही लिहिल्या, बा. चोरून बोलायचं ते मात्र बोललेच. माझं लग्न रोह्याला ठरलं तेव्हा आयने मला चुलीमागे ओढलं. तिलाही अक्षर येत नव्हतं. म्हणाली, "तुझं पत्र तिकडं सासरा लिवणार, इकडं तुझा बापूस वाचणार. त्यात तुझं काय उरेल? तू आपलं वालाचं बोचकं धाड. एक गाठ असली तर पत्र खरं. गाठीवर गाठ असली तर पत्र खोटं, मी न्यायला येते." नातीला हे सांगितलं तेव्हा तिचं पेन थांबलं. "आजी, हे माझ्या पुस्तकात दुसऱ्या धड्यात आहे. पद्धत जगाला कळली तरी चालते, किल्ली दोघांतच राहायला हवी." मी म्हटलं, मग पुस्तकवाल्याला कळव, पहिला धडा पेणला, माझ्या माहेरच्या चुलीमागे झाला.

पहिलटकरीण मी. सातवा सरतो आहे, माहेरी जायचे दिवस. सासरा पत्र लिहितो की पोरगी इथेच खूश आहे, बाळंतपण इथेच करतो. मी वाल बांधते, गाठीवर गाठ मारते, आणि पेणला निघालेल्या शेजाऱ्याच्या हाती देते. तो येष्टीतून उतरतो आणि बोचकं तुला देतो. मिठाच्या गोणीला गाठ मारण्यात तुझा हात धरणारा कुणी नव्हता. लेकीची ती गबाळी गाठ बघून तुला लाज वाटली. तू ती सोडलीस आणि आपली एक झोकदार गाठ मारून बोचकं आयपुढे ठेवलंस. आयने गाठ बघितली आणि देवापुढे साखर ठेवली. मी दीड महिना दाराकडे डोळे लावून बसले. बाळंतपण सासरीच झालं. बारशाला आय आली तेव्हा कानाशी लागून म्हणाली, "दोन मारल्या होत्यास?" मी मान हलवली. ती तुला जन्मभर काही बोलली नाही. मी बोलते. साऱ्या गावाची पत्रं वाचणाऱ्या माणसाला दोन गाठी वाचता आल्या नाहीत.

तेव्हा जन्मला तो हिचा बाप. धाटावला कंपनीत आहे. पोरीला पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला जायचं आहे आणि हॉस्टेलच्या फॉर्मवर पालकाची सही हवी. परवा शिफ्टवरून आला, फॉर्म बघितला आणि परत घडी घातली. "आये, लपवाछपवी शिकायला एवढ्या लांब कशाला? झालं तेवढं बास." मी म्हटलं, "लपवायला नाय चालली ती. मधेच कोण हात घालतो ते ओळखायला चालली हाय. तुझ्या आज्याने घातला होता, म्हणून तू रोह्याला जन्मलास." तो म्हणाला, "मग काय बिघडलं?" खरंच, त्याचं काय बिघडलं होतं!

पोरगी सांगते, आता चुलीमागे भेटायलाही नको. उघडी कुलपं बाजारात टांगून ठेवायची. कुणीही एक घ्यावं, आपला निरोप पेटीत घालून दाबावं, किल्ली फक्त आपल्याकडे. आणि सही अशी, की खरीखोटी कुणालाही तपासता यावी, करता एकालाच यावी, आणि मजकुरात कुणी काडीएवढा बदल केला तरी जुळू नये. तशी सही मला जन्मतःच आहे. काल मी फॉर्म मागून घेतला, अंगठा शाईत बुडवला आणि पालकाच्या जागी दाबला. पोरगा बघत होता. म्हटलं, बघ, बदलून दाखव. तो जेवायला बसला. फॉर्म आज सकाळच्या टपालाने गेला. तू असतास तर तुझ्यादेखतही गेला असता.

आता एवढंच. परवा बारशापर्यंतचं अर्धं पत्र लिहून पोरगी बाजारात गेली, तेव्हा मी ती पानं शेजारच्या सुनेकडून वाचून घेतली. पोरीने माझं काही बदललं का, ते बघायचं होतं. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. हे सांगितल्यावर तिने पेन खाली ठेवलं आहे आणि माझ्याकडे बघते आहे. लिही गो, म्हटलं, हे पण लिही.