आठव्या किलोमीटरचा दगड

मी, टिकाराम मंगरू पटले, वय एकाहत्तर, धंदा डिझेल इंजिन दुरुस्ती, राहणार सिहोरा, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. तब्येत ठणठणीत आहे. तरी आजच लिहितो, कारण एक चूक कबूल करायची आहे.

१. राहते घर पत्नी धुरपता हिच्या हयातीपर्यंत तिचे, नंतर मुलगा विनोद याचे. पोस्टातली रक्कम धुरपताची. तिने ती जपू नये, खर्चावी. धानाची दीड एकर बांधी विनोदची.

२. पाने, व्हाइस आणि ग्राइंडर विनोदला. मोठा पाना शेजारच्या चिंधूने नऊ वर्षांपूर्वी नेला, तो त्याच्याकडेच राहू द्यावा. मागायला गेलात तर चहा पाजून आणखी काही मागून घेईल.

३. मी घरी बांधलेली गाडी मुलगी प्रतीक्षा हिला. चासी जुन्या जीपची, इंजिन भंगारातल्या टेम्पोचे, पत्रा माझ्या हातचा. विनोदने रुसू नये. त्याला गिअर कधी समजलाच नाही.

४. याच गाडीचा स्पीडोमीटर तपासायला २००६ साली मी आणि माझा मित्र परसराम शेंडे निघालो. काटा चाळीसवर धरायचा आणि किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत वेळ मोजायची. नव्वद सेकंद भरले की मीटर खरा. घड्याळ परसरामच्या हातात. सातव्या दगडापासून आठव्यापर्यंत एक्याऐंशी सेकंद आले, आठव्यापासून नवव्यापर्यंत नव्व्याण्णव. मी म्हणालो, "तुह्या हाताले काय झालं? बटन बरोबर दाबता येत नाही काय?"

तो म्हणाला, "मी पाहूनच दाबलो. दगडच सरकला असन."

"दगड कायले सरकते?" असे म्हणून मी टपरीवर चार लोकांदेखत त्याला अडाणी ठरवले. तो पायी घरी गेला. आठ वर्षे आमचे बोलणे नाही. त्याच रागात मी मीटर उघडून काटा अंदाजाने बसवला. तेव्हापासून तो खोटेच दाखवतो.

५. गेल्या महिन्यात भांडणाचे कारण मी पहिल्यांदा धुरपताला सांगितले. ती म्हणाली, "आठ नंबरचा दगड? तो तं आमी बायांनीच बैलबंडीत घालून मोहाखाली उभा केला होता. नालीत पडून होता, देवासारखा दिसे." ते मोहाचे झाड दगडाच्या मूळ जागेपासून शंभर मीटर अलीकडे, सातव्या दगडाच्या बाजूला आहे. हळदकुंकू लागले तरी आकडा दिसत होता, म्हणून मी त्याला किलोमीटरचाच दगड समजलो. एक्याऐंशी आणि नव्व्याण्णव मिळून एकशेऐंशी, म्हणजे दोनदा नव्वद. एवढी बेरीज केली असती तरी मीटरही खरा आणि परसरामही खरा, हे तिथेच कळले असते. मला त्याची फार आठवण येते. परसराम, मी चुकलो.

६. माझ्यामागे काटा परसरामनेच लावावा, दुसऱ्याने हात लावू नये. वकील म्हणतात, साक्षीदाराला मिळकत देऊ नये; म्हणून त्याला काही देत नाही, एवढे काम देतो. बोलावणे धाडले आहे. साक्षीची दुसरी जागा त्याची. आला नाही तर कोणीतरी पाहावा, पण मला ते बरे वाटणार नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वाचून, समजून, सर्वांसमोर सही केली.

ठिकाण सिहोरा, दिनांक १२ जानेवारी २०१५
सही: टिकाराम मंगरू पटले

साक्षीदार
१. बाबूलाल कटरे, सिहोरा
२. परसराम शेंडे, सिहोरा. स्वतःच्या हाताने लिहितो: मेल्यावर काटा लावून काय फायदा? उद्या सकाळी गाडी काढून ठेव. घड्याळ आणतो.