पाणपोईची मागची पन्हळ

आबा, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षे झाली. मीही आता निवृत्त आहे. त्या पाणपोईबद्दल लिहायचे राहून गेले होते. आपण दोघांनी मिळून केलेले काम तेवढे एकच. तुम्ही गवंडी, मी कचेरीत नकाशे काढणारी ट्रेसर.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. नाशकातला जुना आग्रा रोड रुंद करायचा होता आणि दगडी पाणपोई मधे येत होती. नियम स्पष्ट होता. जुनी वास्तू हलवायची तर आधी तिचा नकाशा मंजूर व्हायचा, मग प्रत्येक दगडावर क्रमांक, आणि नव्या जागी नकाशाबरहुकूम उभारणी. नकाशा मी काढला. पुढे दोन कमानी, आत रांजणांचा कट्टा, आणि मागच्या भिंतीतून बाहेर आलेली एक अरुंद दगडी पन्हळ, जमिनीपासून वीतभर उंच. ओव्हरसियर म्हणाले, "निचरा असणार, बाई. तसंच लिहा." मी तसेच लिहिले. नकाशा मंजूर झाला.

मे महिन्यात तुम्ही त्या कामावर लागलात. मी टेप घेऊन काठावर उभी आहे आणि तुम्ही खड्ड्यात उतरून पायाच्या दगडावर हात फिरवता आहात. "साहेब, हा पाया न्हाय. पायातला दगड कोन येवढा घडवतं?" रस्त्यावर वर्षानुवर्षे थर चढत गेले होते आणि पाणपोईच्या दगडांचे खालचे तीन थर मातीत गेले होते. ओव्हरसियर हसले. "मामा, तुम्ही दगड उचला. बाकीचं आम्ही बघतो." तुम्ही म्हणालात, "बघा की. पर जरा वाकून बघा." सगळे गवंडी हसले. तुम्ही माझे वडील हे कचेरीत ठाऊक होते, म्हणून मी हसले नाही.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही मला भिंतीपाशी उभे केलेत. "वाक. आनखी वाक. आता ओंजळ कर." तांब्यातले पाणी तुम्ही बारीक धारेने माझ्या ओंजळीत सोडू लागलात. ते कोपरांवरून जमिनीवर गेले. आई भाकरी थापत होती. "अहो, चूल इझंल!" "इझू दे. पोरगी माप घेतीय." मी खरेच टेप लावला. तांब्याच्या काठापासून जमीन अडीच फूट. त्या दिवशी उघडे पडलेले तीन थर मिळवले की पन्हळ बरोबर तिथेच येत होती. मग तुम्ही त्याच आवाजात सांगितलेत, "माझा आजा निफाडवरनं बाजाराला यायचा. कमानीला आपला हात लागलेला चालायचा न्हाय. आतला मानूस त्या पन्हळीत पानी सोडायचा, आन् हा मागं असा वाकून प्यायचा." मी पंचविशीची होते. हे मला त्या दिवशी कळले.

मी म्हणाले, "मग ती कशाची होती हे दिसायला कशाला हवं, आबा? नकाशाप्रमाणे खालचे थर पुरले जातील. जाऊ द्या." तुम्ही तांब्या खाली ठेवलात. "तुला लाज वाटती व्हय? आमी तहानलेले व्हतो, चोर नव्हतो. ज्यानं ती पन्हळ काढली त्यानं लाजावं." एवढ्या कडक आवाजात तुम्ही माझ्याशी त्याआधी कधी बोलला नव्हतात.

मंजूर नकाशा बदलायचा तर फाइलवर कारण लागते आणि चूक कोणाची ते लिहावे लागते. ओव्हरसियर वाईट माणूस नव्हते. "दीड-दोन फुटांसाठी स्वतःला कशाला अडकवता? निचरा वर असला काय, खाली असला काय, पाणी जाणारच." मी म्हणाले, "साहेब, नियमात नकाशा खरा असावा असं आहे. माझा खोटा आहे." मला मेमो मिळाला, बढती लांबली. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. नव्या जागी तिन्ही थर जमिनीवर आले आणि पाणपोई एकदम उंच दिसू लागली. पुढे तीस वर्षे मी जुन्या इमारतींचे नकाशे काढले. जमिनीची मूळ पातळी शोधल्याशिवाय एकही रेघ ओढली नाही. हे तुमच्याकडून आले.

शेवटचा दगड तुम्ही स्वतः बसवलात. ओळंबा लावलात, मागे गेलात, वाकून पन्हळीखाली रिकामी ओंजळ धरलीत. "बसली," म्हणालात. मग हात पुसत मला विचारलेत, "कागदावर लिव्हलंस ना, कशाची हाय ती?" मी म्हणाले, "हो, आबा."

तुम्हाला वाचता येत नव्हते. मी लिहिले होते ते एवढेच: जमिनीची पातळी धरण्यात माझी चूक झाली. पन्हळीची जागा मी सुधारली, तिच्यापुढचा 'निचरा' हा शब्द तसाच ठेवला. माझ्या टेबलाभोवती चौघे बसत, रोज माझ्याबरोबर चहा घेत. ती पन्हळ खरी कशाची हे वाचून त्यांचे चेहरे कसे होतील, ते मला पाहायचे नव्हते. हे पत्र त्या फाइलला लावता येईल का, असा विचार आज सकाळी आला. लावणार नाही. कारणाच्या रकान्यात तेव्हा जागा होती, आबा. दोन ओळी कोऱ्या राहिल्या.