बेटाचं बजेट आणि माझा शांत स्वभाव

३ एप्रिल, सकाळ
नवी वही. बायकोला बेट दाखवायचं कबूल करून बारा वर्षं झाली, म्हणजे लग्नाला झाली तेवढीच. नारळाची झाडं, पांढरी वाळू, निळंशार पाणी. यंदा नक्की. माणसं तीन: मी, बायको, लेक. दिवस पाच. एकूण दीड लाख. विमान साठ, समुद्राकडची खोली पन्नास, खाणं-फिरणं तीस, पाण्याखाली जाऊन मासे बघणं दहा. शिस्त असली की सगळं होतं. बायकोला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, नुकसानभरपाईचा रकाना कुठाय? ती इस्पितळात ड्रेसिंगच्या खोलीत नर्स आहे, तिला जिकडेतिकडे जखमाच दिसतात. मी मुळात शांत माणूस. रकाना घातला नाही.

७ एप्रिल
गॅरेज. माझा धंदा गाड्यांचे पोचे काढण्याचा. गिऱ्हाईक म्हणालं, दाराचा रंग जुळत नाही. जुळत होता. तो तीनदा म्हणाला. तळपायाची आग मस्तकात गेली. हातात हातोडा होता, पण तो धंद्यामुळे, माझ्या स्वभावामुळे नाही. दाराला अकरा पोचे. आता रंगाचा प्रश्नच मिटला, असं त्याला समजावून सांगितलं. समजावण्याचा उपयोग नसतो काही लोकांना. नवं दार वीस हजार. मासे रद्द, खाण्यातले दहा कमी. मासे काय, बाजारातही दिसतात.

१२ एप्रिल, सकाळी ६.१०
संकल्प: रोज दहा मिनिटं डोळे मिटून स्वस्थ बसणे.

६.४०
बसलो होतो. तिसऱ्या मिनिटाला वरच्या मजल्यावरच्यानं ड्रिल लावलं. वर गेलो. आधी ड्रिल जिन्यातून खाली आलं, मग तो. त्याचा खांदा निखळला. बायकोनं तिथेच पायरीवर बसवून दिला, म्हणजे डॉक्टरचे पैसे वाचले. याला म्हणतात बजेट. ड्रिलचे सहा हजार मात्र गेले. डोळे मिटणं उद्यापासून.

१८ एप्रिल
मेव्हणा जेवायला. चांगलं चाललं होतं. मग म्हणाला की, भाऊजी, तुम्हाला कशाला दगदग, या दोघींना मीच नेऊन आणतो. माझ्या घरात, माझ्या ताटावर बसून! उचलली जीभ लावली टाळ्याला. एकच ठोसा. दोन दात ताटात. बायकोनं दात दुधात घालून डबीत भरले आणि ती भावाला घेऊन गेली. दंतवैद्य चौतीस हजार. समुद्राकडची खोली कापली, मागच्या बाजूची घेऊ. खोलीत बसून कुणी समुद्र बघतं का?

२४ एप्रिल
तिकिटांच्या एजंटकडे. भाव वाढले म्हणाला. मी खुर्चीत शांत बसलो होतो. नंतर खुर्ची काचेतून रस्त्यावर गेली. काच पंचवीस हजार. सहा तास पोलिसांकडे. तिथे वागणूक चांगली मिळाली, कमरेचा पट्टा तेवढा काढून घेतला. उरले पासष्ट. तीन तिकिटं कशीबशी, पण झोपायचं वाळूत. बायको म्हणाली, दोघांचं सगळं बसतं. दोघं म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. मार्ग काढतो म्हटलं.

२९ एप्रिल
कपाटावरची वही काढायला हात वर केला, तर लेक टेबलाखाली शिरली. आठ वर्षांची घोडी, हा कसला खेळ? म्हटलं, बाहेर ये, बेटावर पोहायला कुठल्या रंगाचा ड्रेस हवा तेवढं सांग. आली नाही. बायको माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यानं डोकं फिरलं. भिंतीवर गुद्दा घातला. भिंतीवर! माणसावर नाही. किती सुधारलो, पण कौतुक करायला कुणी नाही.

३० एप्रिल (डाव्या हातानं)
भिंत काँक्रीटची निघाली. उजव्या हाताची तीन हाडं. प्लास्टर बायकोनंच घातलं, सहा आठवड्यांचं. जरा जास्तच जाड घातलंय. संध्याकाळी त्या दोघी बॅगा घेऊन निघाल्या. तिकिटं तिनं स्वतःच्या पगारातून काढली होती. परत कधी, असं विचारलं, तर म्हणाली, ते लेकीला ठरवू दे. लेकीला काय कळतं?

४ मे, दुपार
बेटावरून लेकीचा फोन. मागे लाटा. वाळूत पडलं तरी लागत नाही, असं तीनदा सांगितलं. मग विचारलं, बाबा, प्लास्टर कधी निघणार? ऊर भरून आला. शेवटी पोटची पोर. म्हटलं, काळजी करू नकोस राणी, अजून पाच आठवडे तरी आहे. ती आईला ओरडून म्हणाली, अजून पाच आठवडे आहे, मग आपण घरी जाऊ शकतो.

हवं तर डॉक्टरला सांगून आठ आठवडे ठेवतो, असं म्हणालो. तोवर तिनं फोन ठेवला होता.