शेवटच्या कडव्यातलं नाव

महागाव, १२ फेब्रुवारी १९६३

तीर्थरूप दादांस द्वारकाचा नमस्कार.

मागच्या पत्रात माझ्या हातून चुकीचं लिहिलं गेलं. राळेगावला लोकांनी दोनदा म्हणायला लावलं ते गाणं तुमचं नव्हतं, माझं होतं, कापूस वेचणाऱ्या बायांवरचं. चाल मात्र तुम्ही शिकवलेल्या जुन्या भजनाची. बाईच्या नावाचं गाणं कोणी ऐकेल का, या धास्तीनं शेवटच्या कडव्यात मीच ‘सदाशिव म्हणे’ असं तुमचं नाव घातलं होतं.

आमचे ढोलकीवाले रहमतचाचा काल म्हणाले, “पोरी, गाणं तुह्यं, अन् नाव बापाचं कायले? उद्या गाणं पडलं तर शिव्याही त्यालेच खाऊ घालशीन का?” सारं कलापथक हसलं. मीही हसले.

आईला सांगा, आम्हा बायांना शाळेची खोली मिळाली आहे, दाराला आतून कडी आहे. तिचा खोकला थांबला का?

गाण्यातून तुमचं नाव काढलं तर तुम्हाला वाईट वाटेल, एवढंच मनात सलतं. तसं असेल तर लगेच कळवा. नाहीतर येत्या शनिवारी, सोळा तारखेला, इथल्या बाजारातल्या कार्यक्रमात मी ‘द्वारका म्हणे’ असंच म्हणणार आहे.

तुमची,
द्वारका