पिंपावरचं नाव

नवघर, भाईंदर (पूर्व)
३ ऑगस्ट १९९१

ती. शैलामावशीस, शि. सा. न. वि. वि.

बारावीचं केमिस्ट्री माझा जीव घेणार. अल्डिहाइड आणि कीटोन, दोन्हींत तोच कार्बन, तोच ऑक्सिजन, मग नावं वेगळी कशाला? त्यात एकेका वस्तूचं बाजारातलं नाव एक, पुस्तकातलं दुसरं! सर फळ्यावर लिहून पुढे जातात. तू कॉलेजात शिकवतेस, तूच समजाव. आई कारखान्याच्या गाळ्यात दिवसभर पेनांच्या क्लिपा पुसून दमून येते, तिच्यापुढे रडवत नाही.

काकांना नमस्कार. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी निशिगंधा

नाशिक
१० ऑगस्ट १९९१

चि. निशिगंधा हीस अ. उ. आ.

आधी चित्र काढ, रड नंतर. कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला, ही जोडी दोघांतही असते. ती साखळीच्या टोकाला आली की त्या कार्बनवर हायड्रोजन असतो. तो अल्डिहाइड, नावाचा शेवट 'आल'. दोन्ही बाजूंना कार्बनच असले तर कीटोन, शेवट 'ओन'. मग साखळीतले कार्बन मोज. तीन असले की 'प्रोप'. प्रोपेनाल आणि प्रोपेनोन काढून बघ आणि बाजारातली नावं शेजारी लिही.

तुझी आई बरी आहे ना? स्वतःबद्दल मंदा कधी एक ओळ लिहीत नाही. दोघी जपून राहा, मावशीची आठवण ठेवा.

शैलामावशी

नवघर
२४ ऑगस्ट १९९१

ती. शैलाताईस, सा. न. वि. वि.

या वेळी मीच लिहितेय. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी निशी मला आकृती दाखवत होती. प्रोपेनोन म्हणाली, तशी मी म्हटलं, अगं, हे तर आमच्या क्लिपा पुसायच्या औषधाच्या नव्या पिंपावर लिहिलंय. तिचा चेहराच उतरला. म्हणाली, आई, हेच ॲसिटोन.

ताई, ॲसिटोन भडकतं म्हणून त्याचं पिंप आम्ही बाहेर ठेवायचो. हे वेगळं आहे, याला काही होत नाही, असं सांगून सुपरवायझरने पिंप आत घेतलं आणि चहाचा स्टोव्हही आत आणला. आम्ही सगळ्या मध्ये बसायचो.

सकाळी त्याला सांगितलं तर हसला. बारावीची पोरगी आता आम्हाला शिकवणार का, म्हणे. मी स्टोव्ह विझवला आणि उचलून बाहेर नेऊन ठेवला. उद्यापासून येऊ नकोस, म्हणाला. मी चप्पल घालत होते, तोवर माझ्या शेजारी बसणारी नीलम उठली, मग हंसाबेन. स्टोव अंदर आया तो हम भी नहीं बैठेंगे, असं हंसाबेनने त्याच्या तोंडावर सांगितलं. रात्री नीलम कळवून गेली की आता पिंपही बाहेर गेलंय. मला मात्र परत बोलावलं नाही.

निशी जेवेना. माझ्यामुळे तुझं काम गेलं, एवढंच म्हणत राहिली. मी तिला सांगितलं, काम दुसरं बघीन. मी रोज कशात हात बुडवतेय, हे मला तिथे कोणी धड सांगितलं नाही, ते तू सांगितलंस. तेव्हा कुठे दोन घास गेले तिच्या पोटात. ताटं उचलल्यावर मीच तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, ते चित्र पुन्हा काढ, या वेळी जरा सावकाश.

आम्हा दोघींवर लोभ असू दे.

तुझी मंदा