बाई चौथीत बसल्या त्याची हकीकत

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं टेकली तेवढी गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीच्या डोळ्याची पट्टी निघाली का? निघाली असेल तर पत्र तिलाच वाचायला दे. तू पत्राची सुरुवात आणि शेवट तेवढा वाचतोस आणि मधल्या सगळ्याला "समजलं" म्हणतोस, आणि या खेपेला सगळा घोळ मध्येच आहे. फोनवर सांगणार होते, पण फोनवर तू नुसता "हां हां" करतोस आणि मला वाटतं तुला कळलंय. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. आमचे हे नोकरीतून मोकळे झाल्यापासून घरातली घड्याळं दुरुस्त करतात, त्यामुळे आमच्या घरात सध्या एकाच वेळी तीन वेळा असतात. माझंही बरं चाललंय. मागच्या पंधरवड्यात मी चौथीत नापास झाले, एवढंच.

घाबरू नकोस, पहिल्यापासून सांगते. आमची शाळा तू पाहिलीच आहेस: चार खोल्या, एक व्हरांडा, एक हातपंप, आणि कोपऱ्यातल्या खोलीत गेली एकोणीस वर्षं चौथीचा वर्ग घेणारी मी. शाळा उघडून आठवडा झाला नाही तोच एक टेम्पो खोकी घेऊन दारात उभा राहिला. खोक्यांत बत्तीस टॅब, म्हणजे पाटीएवढे काचेचे फोन समज. एकतीस मुलांना एकतीस आणि एक माझा. मुलं आता त्यावर शिकणार, जगाच्या बरोबरीने पुढे जाणार आणि शिक्षकांचा भार हलका होणार असं सोबतच्या पत्रकात छापलं होतं. (भार हलका होणार हे वाचल्यावर आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, यांनी लगेच मला मतदारयादीचं काम दिलं.) वीज येते अकरा ते एक. तेवढ्या वेळात मोठ्या बाईंच्या खोलीत एका बोर्डाला बत्तीस वायरी लावून टॅब असे ओळीने पडलेले असतात, की दूध पिणारी पिल्लंच वाटावीत. त्यांना पाजून, पुसून वर्गात आणेपर्यंत शाळा सुटायची वेळ होते.

मग महिन्याभराने प्रशिक्षण झालं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण आला. दीड तासातला एक तास त्याने प्रशिक्षण किती गरजेचं आहे हे सांगण्यात घालवला आणि उरलेल्या अर्ध्या तासात आम्हाला पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. मी अगदी प्रामाणिकपणे एकेक रकाना भरत गेले. नाव. जन्मतारीख. शाळा. मग प्रश्न आला, "आपण सध्या कोणत्या इयत्तेत आहात?" आता तूच सांग, मी काय लिहायचं? एकोणीस वर्षं मी चौथीतच आहे. कुणीही विचारलं की "बाई सध्या कुठे?", तर मी "चौथीत" हेच सांगते. लिहिलं "चौथी". यंत्राने थोडा विचार केला, माझं वय चोपन्न असल्याचं त्याच्या ध्यानात आलं, आणि पडद्यावर फुगे उडाले: "शिक्षणाची उशिरा का होईना सुरुवात केल्याबद्दल अभिनंदन!" मला वाटलं, टॅब शिकतेय म्हणून कौतुक केलंय. मी प्रशिक्षकाला दाखवलं, तो "छान" म्हणाला आणि गाडी पकडायला पळाला.

दुसऱ्या दिवशी टॅब उघडला तर एक खार टुणकन उडी मारून पुढे आली आणि "ये बाळा, आज आपण बेरीज शिकू!" म्हणाली. तेही कबूल, म्हटलं शिक्षकांना आधी स्वतः करून बघावं लागत असेल. पुरे दहा दिवस मी त्या खारीने दिलेला गृहपाठ करत होते, दादा. चुकलं की ती तोंडावर पंजे घ्यायची. मला या वयात तिची भीती बसली.

अकराव्या दिवशी शिक्षण कचेरीचं पत्र आलं आणि खार वगैरे सगळं बाजूला राहिलं. पत्रात लिहिलं होतं की आमच्या शाळेत चौथीला विद्यार्थी बत्तीस आणि शिक्षक शून्य असल्याचं पोर्टलवर दिसतं. चालू महिन्याच्या अखेरपर्यंत शिक्षक न दिसल्यास वर्ग बंद करून मुलांना हमरस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवण्यात येईल. तो रस्ता तू पाहिलायस. तिथे ट्रक थांबत नाहीत, मोठी माणसंही हातात हात धरून पळत ओलांडतात. बातमी वाऱ्यासारखी पसरली. दुपारी शिंपीणबाई वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात आहे. (इतक्या हळू बोलते की सगळे तिला चिमणी म्हणतात.) मी फळ्यावर लिहीत होते. माझ्याकडे टक लावून बघत त्यांनी मलाच विचारलं, "बाई, तुम्ही गेलात म्हणे?" मी म्हटलं, "कुठे?" त्या म्हणाल्या, "ते माहीत नाही, पण तुम्ही नाही आहात असं वरून आलंय." आणि खरं सांगते, क्षणभर मलाही शंका आली.

कचेरीत गेले. खिडकीतला कारकून फार सज्जन निघाला, त्यामुळे भांडताही येईना. "बाई, तुम्ही इथे उभ्या दिसताय हे मला मान्य आहे," तो पडदा माझ्याकडे वळवत म्हणाला, "पण इथे दिसत नाही आहात. इथे तुम्ही रोल नंबर बत्तीस." मी म्हटलं, मग खोडा. तर विद्यार्थ्याचं नाव खोडता येत नाही. आणि एका माणसाचं नाव यंत्रात दोनदा येत नाही, म्हणजे विद्यार्थिनी आहे तोवर शिक्षिका होता येत नाही. पटावरून नाव जायचे मार्ग तीनच: मुलगा पास होऊन पुढे जातो, दाखला काढून दुसरीकडे जातो, आणि तिसरा मार्ग त्याने तोंडाने सांगितला नाही, नुसतं सहानुभूतीने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. मग तोच उत्साहाने म्हणाला, "तुम्ही उशिरा सुरुवात केलेल्यांत मोडता, तुम्हाला वार्षिक परीक्षा केव्हाही देता येते. देऊन टाका ना! चौथी तर आहे!"

चौथी तर आहे! मलाही तसंच वाटलं होतं. परीक्षा वर्गातच, टॅबवर द्यायची आणि टॅबने आपल्याला बसलेलं पाहायचं, असा नियम होता, म्हणून मी मुलांना गणितं घालून मागे जमिनीवर बसायला गेले. चिमणीने सरकून तिच्या सतरंजीवर मला जागा करून दिली. पहिला पेपर लेखनाचा. बोटाने काचेवर लिहायचं. माझ्या बोटांची कातडी खडूने अशी कोरडी झाली आहे की काचेला ती लागतच नाहीत. मी लिहिलेल्या निबंधातून यंत्राला फक्त चार अनुस्वार मिळाले. मग तोंडी परीक्षा. उतारा मोठ्याने वाचायचा. मी एकंदर एकोणतीस वर्षांच्या नोकरीत कमावलेला आवाज लावला, जो हातपंपापर्यंत जातो. यंत्र म्हणालं, "कृपया वर्गातला गोंधळ थांबवा." मी आणखी स्पष्ट वाचलं. ते म्हणालं, "गोंधळ थांबल्यावर विद्यार्थ्याने वाचायला सुरुवात करावी." गणितातले धरून शंभरात एकतीस. पासाला पस्तीस लागतात. खारीने पंजे तोंडावर घेतले ते काढलेच नाहीत.

सगळ्या वर्गाने माना वळवून मागे पाहिलं. मी हसून वेळ मारून नेणार होते, पण हसू येईना. तेव्हा चिमणी माझ्या कानाशी येऊन तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, "बाई, रडायचं नाही. पुन्हा परीक्षा असते." दादा, हे वाक्य मी आजवर किती पोरांना फेकून मारलं असेल याची गणती नाही, फळा पुसता पुसता, पाठमोरी. पहिल्यांदाच कुणीतरी ते मला माझ्याकडे बघून सांगितलं.

आणि तिथेच, मान वर केली तेव्हा, मला एक गोष्ट दिसली. म्हणजे दिसली नाही. फळ्याचा डावा अर्धा भाग त्या जागेवरून दिसतच नव्हता. बाजूच्या खिडकीतून ऊन येतं आणि फळा असा चकाकतो की नुसता आरसा. मी चिमणीला विचारलं, "तुला ते पहिले आकडे दिसतात?" ती म्हणाली, "नाही." "मग लिहितेस कसे?" "अंदाजाने." "सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "मला वाटलं, सगळ्यांना असंच दिसतं." दोन महिने मी त्या पोरीच्या वहीत लाल रेघा ओढतेय. आणि त्या जागेवर तिच्याआधी अठरा वर्षं कोण कोण बसलं असेल, ते आठवत मी तशीच बसून राहिले. मग उठले, शिपायाला हाक मारली, आणि आम्ही दोघांनी फळा काढून पलीकडच्या भिंतीला लावला. (कंबर धरली ती तेव्हाच.) दुसऱ्या दिवशी चिमणीची आठपैकी सात गणितं बरोबर आली. आठवं मीच चुकीचं घातलं होतं.

पुढे आठ दिवस मी अभ्यास केला. हे घड्याळं सोडून माझा उतारा ऐकायला बसायचे आणि "हळू, अजून हळू, कुजबुजल्यासारखं" असं शिकवायचे. (लग्नाला बत्तीस वर्षं झाली. एवढे दिवस मनात दाबून ठेवलेलं त्यांनी त्या आठ दिवसांत बोलून घेतलं.) बोटांना रोज तेल चोळलं. फेरपरीक्षेत चौसष्ट मिळाले. वर्गाने टाळ्या वाजवल्या, मोठ्या बाईंनी पाठ थोपटली, शिंपीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पटावरून गेले! आता शिक्षिका म्हणून नाव घालायचं की झालं.

घालायला गेले तर यंत्र घेईना. का, ते आठवडाभर कुणालाच कळलं नाही. मग एका सकाळी, मी शाळेत असताना, घरी एक सर्वेक्षणवाल्या बाई आल्या. हातात फाइल. यांना म्हणाल्या, "तुमच्या घरातली मुलगी शाळाबाह्य आहे. कुठे आहे ती?" हे म्हणाले, "इथे मुलगीच नाही." त्यांनी माझं नाव वाचलं. हे म्हणाले, "ती? ती शाळेत गेलीय." त्या म्हणाल्या, "शाळेत नाही, म्हणूनच तर आलेय. चौथी पास झाल्या झाल्या पाचवीत प्रवेश मिळालाय, हमरस्त्यापलीकडच्या शाळेत. सहा दिवस गैरहजर आहे. घरकामाला जुंपलीय का तिला?" आमचे हे, तुला ठाऊकच आहे, खोटं बोलत नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "हो, थोडंफार करते."

तर असं आहे. मी सध्या कोण आहे हे मला निश्चित सांगता येत नाही. सकाळी चौथीत शिकवते तेव्हा मी नसते, आणि पाचवीत जिथे असते तिथे गैरहजर असते. बाकी विशेष काही नाही. तू काळजी करू नकोस, गुडघ्याला शेक देत जा. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी
(शिक्षिका, यंत्राची हरकत नसल्यास)

ता. क. : एक किरकोळ काम होतं. पाचवीतून नाव काढायला दाखला लागतो आणि दाखल्याच्या अर्जावर पालकाची सही लागते, स्वतः हजर राहून. यांनी सही करून पाहिली. नात्याच्या रकान्यात "पती" लिहिलं. पाचवीतल्या मुलीच्या नावापुढे तो शब्द दिसताच यंत्राने बालविवाहाबद्दल खुलासा मागणारं पत्र काढलं, आणि हे कालपासून कपाटं उपसून लग्नाचा दाखला शोधताहेत. अर्जात आई, वडील आणि मोठा भाऊ एवढेच पालक चालतात. आई-वडील नाहीत. तेव्हा तू येत्या गुरुवारी ये. त्याच शनिवारी महिना संपतो. माझं जाऊ दे, पण त्या एकतीस पोरांना रस्ता ओलांडायला लावू नकोस. फोटो असलेलं ओळखपत्र आण.

ता. ता. क. : तिथले मुख्याध्यापक तुला माझ्या गैरहजेरीबद्दल बोलतील. उलट बोलू नकोस. मान खाली घालून "पुन्हा होणार नाही" म्हण.

आणखी एक : यांच्याकडे बोलू नकोस, पण गैरहजेरी नको म्हणून मी दोन दुपारी, आमची शाळा सुटल्यावर, त्या पाचवीच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसले. तिथल्या बाई तरुण आहेत, आधी टॅबवर चित्र दाखवतात आणि मग खडूने समजावून सांगतात. दशांशचिन्ह एका घराने का सरकतं हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळायला लागलंय. मी आजवर मुलांना "सरकतं म्हणजे सरकतं" एवढंच सांगत आले. भागाकार उरलाय, तो गुरुवारी घेणार आहेत. तेव्हा गुरुवारी नको, तू शुक्रवारी ये.